खुणांशिवाय शिकलेलं मशीन

टाळ्या ऋचासाठी वाजत होत्या आणि मी प्रोजेक्टरच्या वायरकडे बघत होते.

इंदिरानगरमधल्या आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरला मराठी वाक्यरचना शिकवतात. माझी टीम वाक्यांवर खुणा करते. ‘धाकट्या बहिणीने सातपूरची बस पकडली’ यात ‘धाकट्या बहिणीने’ हा एक गठ्ठा, ‘सातपूरची बस’ हा दुसरा. माणसांनी दाखवायचं, मशीनने गिरवायचं. शेजारच्या टीममधल्या ऋचाचं मशीन मात्र खुणा नसलेली कोरी वाक्यं वाचून गठ्ठे आपलं आपणच शोधत होतं. जे शब्द कायम सोबत फिरतात, ते एका गठ्ठ्यात.

कल्पना सुंदर होती. मला सुचली नव्हती, हेच झोंबत होतं.

“मग खुणांची टीम कशाला?” आमचे मॅनेजर निकम सर म्हणाले. “पुढच्या महिन्यापासून बंद.”

टीम म्हणजे तीन बायका. त्यातल्या नामपूरच्या सुनंदाताई डबा उघडताना म्हणाल्या, “तुना पोटमा दुखस का वं?”

“दुखतंय. तुमची नोकरी जातेय म्हणून.”

“तेवढ्यासाठीच?” त्या हसल्या. मी भाकरीत लक्ष घातलं.

जेवण झाल्यावर ऋचाच्या टेबलाशी गेले. असं मशीन नव्याने शिकवलं की दर वेळी थोडं वेगळं शिकतं, आणि तिने ते कितीतरी वेळा शिकवलं होतं.

“यातलं बेस्ट कुठलं, कसं ठरवलंस?”

“सोप्पंय. तुमच्या खुणांशी जास्तीत जास्त जुळलं ते ठेवलं.”

“म्हणजे खुणा वापरल्यास.”

“शिकवताना नाही गं!”

“निवडताना वापरल्यास. पेपर तपासणारं कुणी नसतं, तर पहिला नंबर कुणाचा ते तुला कळलं असतं?”

तिने लॅपटॉप मिटला. मग उठली. “चल, सरांकडे.”

सरांना तिने स्वतःच सगळं सांगितलं. इतकं सरळ सांगितलं की मला भांडायला जागाच उरली नाही. मी तरीही भांडले.

“स्लाइडवर ‘माणसांशिवाय’ लिहिलंय, ते खोटं आहे सर. श्रम घ्यायचे आणि नावं पुसायची, हे चालणार नाही.”

सर ऋचाकडे वळले. “खुणा न बघता निवडलं तर?”

“मग बरोबर आलं की चूक, सांगताच येणार नाही.”

टीम राहिली. काम बदललं: आता त्या मशीनचे पेपर तपासतात. स्लाइडवर तिघींची नावं आली. पुण्याच्या क्लायंटसमोर ती स्लाइड दाखवायला ऋचाच गेली. तिथेही टाळ्या पडल्या म्हणे.

मशीन माणसांशिवाय शिकलं असं कुणी सांगितलं, तर परीक्षा कुणी घेतली ते विचारावं. विचारून पोटदुखी मात्र थांबत नाही.