मानेवरचा हात

माझी आतेबहीण संहिता बसवनगुडीत राहते. आमच्या घराण्यांना इथे, कानडी मुलखात, इतक्या पिढ्या झाल्या आहेत की पुण्याहून आलेले नवे लोक आमची मराठी ऐकून गालात हसतात. आम्ही घरात 'स्वल्प थांब' म्हणतो आणि 'जरा'साठी तो शब्द कानडीतून आलाय हे आमच्या लक्षातही येत नाही. संहिताने आर्किटेक्टकडची नोकरी सोडून कॅमेरा खांद्याला लावला, तेव्हा तिचे वडील वादिराज अण्णा बरेच दिवस तिच्याशी धड बोलत नव्हते. मग एका सकाळी तिने त्यांचाच फोटो काढला, कॉफी गाळताना. अण्णांनी तो हॉलमध्ये लावला आणि विषय संपला.

ती फक्त माणसांचे फोटो काढते. इळकलचे विणकर, शिरसीकडच्या सुपारी सोलणाऱ्या बायका, काळ्या धातूवर चांदीचं बिद्रीकाम करणारे बिदरचे म्हातारे, अशांसाठी ती महिन्यातले दहा-बारा दिवस बाहेरच असते. त्यावर घर चालत नाही, म्हणून लग्न ठरलेल्या जोडप्यांचे फोटोही काढते. नवी मराठी मुलं तिच्याकडे येतात, कारण तिच्याशी मराठीत बोलता येतं. नावं तिच्या लक्षात राहत नाहीत, पण चेहरा एकदा पाहिला की विसरत नाही, असं ती म्हणायची. एक चेहरा मात्र तिला पटकन आठवला नाही, याचं तिला अजून आश्चर्य वाटतं.

मुग्धा मूळची नागपूरची, व्हाइटफील्डमधल्या एका कंपनीत कामाला. तिचं लग्न मे महिन्यात होतं. ड्रोन नको, धूर नको, साधे फोटो हवेत, असं तिचं म्हणणं होतं, त्यामुळे संहिताला ती आवडली. सकलेशपूरजवळच्या एका कॉफीच्या मळ्यात दोन दिवस राहायचं ठरलं. होणारा नवरा ऋतुराज पुण्याचा. ओळख लग्नाच्या साइटवरून झालेली. आईवडील नाहीत, एक काका कॅनडात, आणि लग्नानंतर दोघंही तिकडेच जाणार होती. मुग्धाने नोकरीचा राजीनामा देऊनही टाकला होता. फोटोंचं सगळं मुग्धानेच ठरवलं होतं; ते कुठेही टाकायचे नाहीत, अशी ऋतुराजची एकच अट होती.

मार्चअखेरीस एका सकाळी दोघं तिला न्यायला घरी आली. अण्णांनी फाटकापर्यंत जाऊन त्यांना आत बोलावलं, कॉफी दिली, ब्यूगल रॉकच्या खडकाळ बागेतल्या आपल्या रोजच्या फेरफटक्याबद्दल सांगितलं. ऋतुराजने सगळं लक्ष देऊन ऐकलं. दाढी राखलेला, मऊ बोलणारा माणूस. संहिताकडे वळून तो म्हणाला, "आपण आधी कधी भेटलेलो नाही, नाही का?"

तिने तसं काही विचारलंच नव्हतं. ती नाही म्हणाली, पण त्याचा चेहरा तिला कुठेतरी टोचत राहिला.

वाटेत नेलमंगलाच्या पुढे मुग्धाने आईला फोन करायला पर्स उघडली, तर फोन नव्हता. तो ऋतुराजने आपल्या बॅगेत ठेवला होता. दोन दिवस फोनशिवाय राहायचं, असं आपलं ठरलंय ना, असं तो हसून म्हणाला. मुग्धाही हसली, पण जरा उशिरा. पुढचा सगळा रस्ता तोच बोलत होता. मुग्धाला काय आवडतं, काय सोसत नाही, तिने कुठल्या मैत्रिणींशी संबंध कमी केले, हे सगळं तोच सांगत होता.

मळा फुलला होता. पांढऱ्या फुलांनी झाडं भरलेली आणि वास इतका दाट की मुग्धाचं डोकं दुखायला लागलं. मळ्याची मालकीण सुप्रीता हीच पाहुण्यांचं जेवणखाण बघायची. नवरा कामानिमित्त गावाला गेला होता. घरापाशी फोन लागत नव्हता.

पहिलेच फोटो चालू होते. मुग्धा जरा भलतीकडे बघत होती, तर ऋतुराजने मागून तिच्या मानेवर तळहात ठेवला, अंगठा कानामागे दाबला आणि एखादं भांडं फिरवावं तसा तिचा चेहरा कॅमेऱ्याकडे वळवला. "इकडे. हनुवटी खाली."

संहिताला काही वर्षांपूर्वीचं बदामीचं काम आठवलं. लाल दगडाचा कडा, पिवळ्या साडीतली मुलगी, मानेवर हाच हात. तेव्हा त्याला दाढी नव्हती. मुलीचं नाव श्वेता होतं, इलेक्ट्रॉनिक सिटीत काम करायची, आणि तो शुभंकर होता. त्यालाही फोटो कुठे टाकायचे नव्हते. काम झाल्यावर सगळं पुसून टाका, असंही त्याने सांगितलं होतं.

तिचं बोट बटणावरच थांबलं. क्षणभरच, पण त्याला ते दिसलं.

मुग्धा साडी बदलायला आत गेल्यावर तो संहिताजवळ येऊन उभा राहिला. आवाज अगदी सकाळचाच, मऊ. तुम्ही फार छान काम करता, तो म्हणाला. मग म्हणाला, "तुमचे वडील एकटेच फिरायला जातात म्हणे. या वयात जपायला हवं. दगडांवरून पाय घसरतो." आणि त्याने झाडावरून एक फूल तोडून तिच्या कॅमेऱ्याच्या पट्ट्यात खोचलं.

संहिता मला सांगत होती, की ती घाबरली, पण त्याबरोबर तिला एक गोष्ट स्पष्ट झाली. तिला शंका होती ती त्याने स्वतःच मिटवून टाकली होती.

तिने जाहीर केलं की आता मुग्धाचे एकटीचे फोटो काढायचे, आणि समोर कुणी ओळखीचं असलं की चेहरा अवघडतो, तेव्हा त्याने लांब बसावं. तो व्हरांड्यात चहा घेऊन बसला, त्यांच्याकडे तोंड करून. कॉफी वाळवायच्या अंगणाच्या कठड्यावर तिने मुग्धाला बसवलं, व्हरांड्याकडे स्वतःची पाठ केली आणि कॅमेरा तोंडासमोर धरला.

"मुग्धा, भिंगाकडेच बघ. मी काहीही बोलले तरी चेहरा बदलू देऊ नकोस." तिने बटण दाबलं. "या माणसाचे फोटो मी आधी काढलेत. तेव्हा त्याचं नाव शुभंकर होतं. बरोबर श्वेता नावाची मुलगी होती, तिच्याशी त्याचं लग्न ठरलं होतं."

मुग्धाचं हसू तसंच राहिलं. फक्त गळ्याची शीर उडायला लागली.

"ती आता कुठे आहे?"

"मला माहीत नाही."

संहिता फोटो काढत राहिली. मुग्धा ओठ न हलवता म्हणाली, "फोन त्याच्याकडे आहे. पासपोर्टपण." थोड्या वेळाने म्हणाली, "मला वाटायचं मीच वेडी आहे."

व्हरांड्यातून त्याने विचारलं, काय चाललंय. संहिताने न वळता सांगितलं की श्वास रोखू नकोस म्हणतेय.

जेवताना तिघं एका टेबलाशी होती आणि सुप्रीता तव्यावरच्या अक्की रोट्या, तांदळाच्या भाकऱ्या, आणून वाढत होती. ऋतुराजला कानडीचा एक शब्द येत नव्हता, हे संहिताने सकाळीच टोलनाक्यावर पाहिलं होतं. रोटीचं कौतुक करावं अशा सुरात तिने सुप्रीताला कानडीत सगळं सांगितलं: हा माणूस धोक्याचा आहे, या मुलीला इथून बाहेर काढायचंय, तुझ्या चेहऱ्यावर काही दाखवू नकोस. सुप्रीताचा चटणीचा हात किंचित थबकला. "सरी," म्हणजे बरं, ती म्हणाली आणि तिने त्याच्या रोटीवर आणखी तूप घातलं.

"काय म्हणाली?" त्याने विचारलं.

"रोटी फाटत कशी नाही ते विचारत होते."

जेवणं झाल्यावर सुप्रीताने मोडक्या हिंदीत सांगितलं, की मळ्याच्या माथ्यावर देवीचं ठाणं आहे, लग्नाची मुलगी मळ्यात आली की तिने तिथे ओटी भरायची, पुरुषांनी वर यायचं नाही. असलं काही ठाणं तिथे नव्हतंच. जीप मजूर बायकांनी भरलेली दारात उभी होती. तो खाली थांबतो म्हणाला, मग मीही जीपमधून अर्ध्यापर्यंत येतो म्हणाला. पण सुप्रीताने हळदीकुंकवाचं ताट मुग्धाच्या हातात दिलं आणि बायकांनी सरकून दोघींपुरतीच जागा केली. संहिताने कॅमेरा आणि बॅग त्याच्यासमोर टेबलावर ठेवली, जरा लक्ष ठेवा म्हणून. फोटोंचं मेमरी कार्ड तिने आधीच काढून ब्लाउजमध्ये टाकलं होतं.

मुग्धा चढत असताना तो पुढे आला. तिच्या मानेवर हात ठेवून म्हणाला, "लवकर ये." जीप वळणाआड जाईपर्यंत ती मान न हलवता बसून होती.

वळणानंतर सुप्रीताने जीप वर न नेता खाली उतरवली. फोन लागताच संहिताने आधी अण्णांना घरातून बाहेर पडू नका म्हणून सांगितलं. मग दोघी गावातल्या पोलीस ठाण्यात गेल्या. पोलीस मळ्यावर पोचले तोवर गाडी गेली होती. मुग्धाचा फोन पाण्याच्या टाकीत सापडला. पासपोर्ट मिळाला नाही. कॅमेरा व्हरांड्याच्या पायरीवर पुसून नीट ठेवलेला होता, कार्डाचा खण उघडा. गाडी भाड्याची होती आणि ऋतुराज हे नावही खोटं निघालं.

मुग्धाचे आईवडील तिला नागपूरला घेऊन गेले. अण्णांनी फिरणं सोडलं नाही, पण आता माझा नवरा रोज त्यांच्याबरोबर जातो.

शुभंकरने तेव्हा सांगूनही संहिताने काहीच पुसलेलं नव्हतं. बदामीचे फोटो जुन्या डिस्कवर होते. ते घेऊन ती श्वेताने तेव्हा दिलेल्या पत्त्यावर, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या तिच्या जुन्या घरमालकिणीकडे, स्मिताबाईंकडे गेली. लग्न करून परदेशी गेली ना ती, असं त्या म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, की तिचे आईवडील सांगलीहून दोनदा चौकशीला येऊन गेले. सुरुवातीला मुलीचे मेल येत होते. मजेत आहे, कामात आहे, एवढंच. मग तेही थांबले. लग्न दोघांनी परस्परच उरकलं होतं; जावयाचा एकही फोटो आईवडिलांकडे नव्हता, म्हणून तक्रार पुढे सरकत नव्हती.

श्वेताचे आईवडील बसवनगुडीला आले तेव्हा मी तिथेच होते. वडिलांनी त्या माणसाचा चेहरा बराच वेळ पाहिला. आईने त्याच्याकडे पाहिलंच नाही. स्क्रीनवर मुलीच्या मानेशी बोट नेऊन त्या म्हणाल्या, "केस कापले होते होय? आम्हाला बोललीच नाही."

संहिताने तो चेहरा पोलिसांकडे दिला आणि फिरतीवर ओळख झालेल्या सगळ्या फोटोग्राफरांनाही पाठवला. दिवाळीच्या सुमारास भोपाळहून एकाचा निरोप आला: हा मागच्याच आठवड्यात माझ्याकडे होता. नाव वेगळं, चष्मा लावलेला, बरोबर एक मुलगी. पोलीस त्या मुलीच्या घरी पोचले तेव्हा ती सुखरूप होती. तो आदल्या दिवशी कामासाठी म्हणून बाहेर पडला होता, तो परतला नाही.

मुलगी कुणाचंच ऐकेना. हे सगळं त्याच्याविरुद्धचं कारस्थान आहे, असंच म्हणत होती. तिच्या भावाने विनंती केली म्हणून संहिता भोपाळला गेली. तिने फोटो दाखवले, बदामीचे आणि मळ्यातले. मुलगी दुपारभर ते पुन्हा पुन्हा पाहत राहिली. मग तिने मुग्धाच्या फोटोवर बोट ठेवून हिंदीत विचारलं, "हिला आता झोप लागते?"

संहिताने मुग्धाला फोन लावला, त्या मुलीच्या हातात दिला आणि ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. आत दोघी बराच वेळ बोलत होत्या. मध्ये कुणीतरी रडलं, कोण ते तिला बाहेरून कळलं नाही.

श्वेताचा अजून पत्ता नाही.