सुमनच्या वाट्याची रताळी

"मावशी, आई गेली." सुमनच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी गॅसजवळच्या टोपलीतली रताळी निवडत होते. हातातलं तसंच धरून बसले... रडू आलं नाही. पाच आठवडे झाले, अजून आलेलं नाही.

आखाती युद्धाच्या वर्षी आम्ही दोघी सौदीत, खमीस मुशैतला शेजारी होतो. नवरे एकाच कंपनीत, दोन घरांत मिळून एक अंगण. वाळवंट समजून गेलो आणि गाव निघालं डोंगरावरचं, स्वेटर लागणारं. मी साताऱ्याकडची, शेतात वाढलेली. सुमन नाशिकच्या मास्तरांची मुलगी, तिने कोथिंबिरीपलीकडे काही लावलं नव्हतं. तिच्या नवऱ्याला महाशिवरात्रीच्या उपासाला रताळं लागायचं. म्हणून तिने बाजारातलं एक बरणीत पाण्यावर ठेवलं, त्याला कोंब फुटले आणि उन्हाळ्याच्या तोंडी आम्ही दोन वाफे केले. एक तिचा, एक माझा.

मग कुवेतचं झालं. तिच्या नवऱ्याला कामावर पूर्वेकडे, दम्मामला पाठवलं. विषारी गॅसच्या भीतीने कंपनीने खिडक्यांना लावायला काळं प्लास्टिक वाटलं. सुमनने ते वाफ्यात वेलांच्या बुडाशी अंथरलं, जमीन उबदार राहावी म्हणून. गॅस आला तर नाकाला रताळी लावणार का, असं मी तिला विचारलं.

"अक्का, गॅस आला तर बघू. थंडी आलीच आहे."

डिसेंबरात तिने आपली रताळी काढली, या गारठ्यात जमिनीत कुजतील म्हणाली. मी हसले. आमच्या गावी शिवरात्रीपर्यंत लागतील तशी काढतात, माझ्या वाफ्याला हात लावू नकोस, असं बजावलं. तिने तिची कागदात गुंडाळून शेगडीजवळ ठेवली.

जानेवारीत बायकामुलांना घरी पाठवायचं ठरलं. नवरा तिकडे असताना सुमन हलेना. तिला अजून मूल नव्हतं, घरात ती एकटी.

"शिवरात्रीपर्यंत तरी थांब, अक्का."

मी थांबले नाही. मला मुलं होती, हे खरं. मुलांपेक्षा मीच जास्त घाबरले होते, हेही खरं. निघताना तिने मुलांच्या पिशवीत उकडलेली रताळी घातली.

एप्रिलात परतले. दम्मामकडे क्षेपणास्त्रं पडत होती तेव्हा ती दिवसच्या दिवस रेडिओपाशी बसून असायची, हे मला पलीकडच्या केरळी बाईने सांगितलं, सुमनने कधीच नाही. शिवरात्रही तिने एकटीने काढली. नवरा मार्चात सुखरूप आला. माझा वाफा उकरला तर आत काळा लगदा. सुमन घरातून कागदाचं पुडकं घेऊन आली. त्यात पाच रताळी होती.

"ही तुझ्या वाट्याची."

चुकलं म्हणायची तीच वेळ होती. मी एक उकडून खाल्लं आणि गोड आहे म्हणाले. ठेवली की होतात, एवढंच ती म्हणाली... पुढे दोघी आपापल्या गावी परतलो. दर शिवरात्रीला मी तिला नाशिकला रताळी पाठवत राहिले. 'चुकलं' हा शब्द काही पाठवला नाही.

यंदाचीही डिसेंबरातच काढून कागदात गुंडाळली आहेत. निम्मी वेगळ्या टोपलीत आहेत, तिची. शिवरात्रीला उकडीन आणि मीच खाईन.