गप, इतिहास चाललाय

जगात आजवर जे काही महत्त्वाचं घडलं ते सगळं गाण्याबजावण्याच्या स्टेजवरच घडलं, असं ठामपणे मानणारे गृहस्थ पेण ते अलिबाग या पट्ट्यात एकच आहेत, आणि ते माझे चुलतसासरे आहेत. लढाया, निवडणुका, चंद्रावर उतरलेला माणूस, हे सगळं त्यांच्या लेखी दोन गाण्यांच्या मधलं खाकरणं. "विलायतेतल्या त्या चौघा गानाऱ्यांनी हापिसाच्या छपरावर वाजवलान, त्याच्या दुसऱ्या वर्षी माझा जन्म," असं ते सांगतात. आधार कार्डावर वेगळंच वर्ष आहे म्हटलं तर कार्डाचीच कीव करतात. घराणं मिठागरवाल्यांचं. मिठागरं गेली तसे काका ट्रकवर चढले आणि बंदरावर कंटेनर नेता नेता एका बोटीवरच्या गोवेकर खलाशाशी त्यांची गट्टी जमली. काकांनी त्याला सुके बोंबील द्यायचे, त्याने काकांना इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटी. कॅसेटींबरोबर त्याने मोडक्यातोडक्या हिंदीत त्या गाणाऱ्यांच्या हकिकतीही सांगितल्या आणि काकांनी त्या पोथीसारख्या पाठ केल्या. नाव मात्र त्यांना एकाचंही सांगता येत नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "नाव घेऊन काय करायचंय, जावई? कोन व्हता ते इसरा, काय केलान ते ध्यानात ठेवा."

मी मुलगी बघायला गेलो तेव्हा बाकीच्या वडीलधाऱ्यांनी नोकरी, शेती, भावंडं असं रीतसर विचारलं. काका कोपऱ्यातून म्हणाले, "एकानं छपरावर वाजवलान, एकानं गिटारीला विजेची तार जोडलान. मोठा कोन?" मला वाटलं, घराच्या वायरिंगचं काही चाललंय. मी आपला सावधपणे म्हणालो, "तार जोडलेली बरी." काका उठून उभे राहिले आणि म्हणाले, "पोरगा आपला हाय." माझं लग्न जमलं ते या एका उत्तरावर, असं बायको अजून ऐकवते.

काका स्वतः बेंजो वाजवतात. आमच्याकडे बेंजो म्हणजे बोटांनी दाबायच्या बटणांची, तारा लावलेली लांबट पेटी. हळदीला ती वाजली नाही तर हळद अंगाला लागत नाही, असा एक काळ होता. इतिहास नुसता सांगून काकांचं समाधान होत नसे, तो करूनही बघावा लागे. परदेशातला एक नाचणारा म्हणे पुढे चालल्यासारखा दिसायचा आणि जायचा मागे. काकांनी हे मिठागराच्या बांधावर करून पाहिलं आणि चार पावलांत पाठमोरे खाजणातल्या चिखलात बसले. स्टेजवर गिटार आपटून फोडणाऱ्याची गोष्ट ऐकून त्यांनी एका साखरपुड्यात बेंजो डोक्यावर उचललाही. मग काय मनात आलं कोण जाणे, तो अलगद सतरंजीवर ठेवला आणि मंडपवाल्याची प्लॅस्टिकची खुर्ची फोडली. छपरावरचा कार्यक्रम तर त्यांनी स्वतःच्याच स्लॅबवर केला. काकूंनी तिथे सुकत घातलेला जवळा बाजूला सारून बेंजो पार्टी बसवली आणि त्या चौघांचा कार्यक्रम पोलिसांनी येऊन थांबवला होता म्हणून आपलाही कुणी थांबवतंय का याची वाट बघत राहिले. अखेर पोलीसपाटील जिना चढून वर आले. काकांनी आनंदाने हात वर केले. पाटील मांडी घालून बसले आणि म्हणाले, "कोळीगीत व्हऊ दे एक." काका आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

पण त्यांची सर्वांत लाडकी गोष्ट एकच. साधी गिटार घेऊन गाणारा एक लोकप्रिय माणूस एके दिवशी विजेची गिटार घेऊन स्टेजवर आला. लोक बोंबलले, काही उठून गेले, पण तो वाजवत राहिला. इथे काका थांबतात आणि मग स्वतःचं सांगतात. पंचक्रोशीत पहिल्यांदा बेंजोला वायर लावून तो भोंग्याला जोडला तो त्यांनी. हळद त्यांच्याच भावकीतली. त्यांची आत्या धवलारीण, म्हणजे लग्नात धवल्याची गाणी म्हणणारी. तिच्या गाण्याशिवाय त्या घरात लग्न लागलेलं नव्हतं. ती अर्ध्या धवल्यात होती. भोंगा सुरू झाला, आत्या "हा काय गिरनीचा आवाज!" म्हणून उठून गेली, "आनि आपन वाजवत ऱ्हायलो!" गोष्ट इथे संपते आणि ऐकणाऱ्यांनी टाळ्या वाजवायच्या असतात. मी दहा-बारा वेळा तरी वाजवल्या आहेत.

काकांना एकच मुलगी. तिच्या हळदीला वाजवायचं म्हणून एक चाल त्यांनी ती पाळण्यात असल्यापासून बांधून ठेवली होती आणि ती कुणाला ऐकवली नव्हती. गेल्या वर्षी तळे गावच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं. हळदीच्या याद्या चालू असताना ती हळूच म्हणाली, "बाबा, सगळ्यांकडे डीजेच असतो आता. मला पण डीजे पाहिजे." काकूंच्या हातातलं सूप थांबलं. काका म्हणाले, "आनि बेंजो?" ती म्हणाली, "डीजेपुढं तो ऐकू तरी येईल का? बाबा, तुम्हीच सांगता ना, ज्याच्यावर लोक बोंबलतात तोच खरा मोठा?" काकांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. स्वतःच्याच गोष्टीत असा सापडलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. "सांग डीजे," एवढंच ते म्हणाले.

हळदीच्या संध्याकाळी अंगणात डीजे सुरू झाला तेव्हा कौलं थरथरली. काकांचे जुने ढोलकीवाले कानावर हात ठेवून ओरडले, "हा काय आवाज हाय व्हय?" काका त्यांच्यावर खेकसले, "गप! इतिहास चाललाय." मला हसू आलं. मागे वळून बघतो तर काका जागेवर नाहीत.

ते मला घरामागे सापडले, पाण्याच्या पिंपाशेजारी, उलट्या घातलेल्या घमेल्यावर बसलेले. हात मांडीवर होते आणि उजव्या हाताची बोटं एकेक करून दाबली जात होती. डीजेच्या ठेक्याशी त्या बोटांचा काही संबंध नव्हता. ती चाल वेगळीच होती. मला बघून त्यांनी बोटं थांबवली. मग म्हणाले, "जावई, त्या दिवशी आत्या उठून गेली. पन जाऊन बसली कुठं, ते मी कवा बगितलंच न्हाय."

मला इतक्या वेळा वाजवलेल्या टाळ्यांची लाज वाटली. तेवढ्यात कोपरापर्यंत हळदीने पिवळे झालेले हात घेऊन मुलगी मागच्या दाराने धावत आली. "बाबा, कवाची शोधतेय तुम्हाला! इथं काय करताय?" काका तिच्याकडे बघतच राहिले. मग मला म्हणाले, "बगा, ही आली." तिने पिवळा हात त्यांच्या गालाला लावला आणि ओढतच त्यांना अंगणात नेलं. तिथे ते डीजेपुढे नाचले, फार वाईट नाचले.

ती चाल अजून कुणी ऐकलेली नाही. काका गोष्टी अजून सांगतात, तशाच हातवारे करून. फक्त विजेच्या गिटारीची गोष्ट आता "वाजवत ऱ्हायला"शी संपत नाही. तिथे ते थांबतात आणि विचारतात, "जे उठून गेले, त्यांना शोधायला कोन गेला आसंल का, जावई?" खलाशाने त्यांना हे सांगितलेलं नव्हतं.