कुंडलिक घाडींचा बायोडेटा

क्लॅरिस मिस्किटाचा जन्म मरोळ गावठाणातला. लग्न झालं तेही दोन गल्ल्या सोडून, आणि नोकरी मिळाली तीही चालत जाता येईल अशी, एमआयडीसीतल्या एका पंपांच्या कारखान्यात. तिथल्या पर्सोनेल खात्यात ती टायपिस्ट म्हणून चिकटली ती रिटायर होईपर्यंत. नोकरीच्या अर्जांची पाकिटं फोडायची, अर्ज साहेबांपुढे ठेवायचे आणि साहेबांनी बाजूला सारलेल्यांना ‘कळविण्यास खेद होतो’ असं इंग्रजीत टाइप करून पाठवायचं, हे तिचं काम. नवरा युस्टेस चिडवायचा, “तुजी बोटं झोपेतपण सॉरीच टाइप करतात गो.”

रिटायर झाल्यावर, शहाऐंशीच्या उन्हाळ्यात, शेजारच्या अनुपमाबाई तिच्याकडे आल्या. बाई जवळच्याच मराठी शाळेत दहावीला शिकवायच्या. परीक्षा उरकली होती, निकाल लागायचा होता. गिरण्यांच्या संपात ज्या पोरांचे बाप घरी बसले होते, ते अजून बसलेलेच होते.

“पोरांना नोकऱ्या शोधायच्यात,” बाई म्हणाल्या. “पण एकालाही धड बायोडेटा लिहिता येत नाही. तुम्ही शिकवाल?”

चर्चमध्ये लहान मुलांना प्रार्थना शिकवण्यापलीकडे क्लॅरिसने कधी कोणाला काही शिकवलं नव्हतं. तरी ती गेली. सुट्टीतली रिकामी शाळा, एकच वर्ग उघडा, बाकांवर दहावीची पोरं. फ्रॉक घातलेली, गावठाणातली मराठी बोलणारी बाई बघून आधी ती खुदखुदली. क्लॅरिसने तिकडे लक्ष दिलं नाही. फळ्यावर तिने नाव, पत्ता, जन्मतारीख, शिक्षण, भाषा असं एकाखाली एक लिहिलं आणि शेवटी लिहिलं, अनुभव.

“मिस, अनुभव कुठला आम्हाला?” चंद्रप्रकाश नावाचा उंच मुलगा म्हणाला. “वाट लागली इथेच.”

“गणपतीत मंडपाची लायटिंग कोण करतं तुमच्याकडे?”

“मीच. पण ते काय नोकरी थोडीच आहे?”

“वायरी जोडतोस, फ्यूज बसवतोस, पावसात शॉक लागू देत नायस कोणाला. लिव.”

मग वर्गाला कंठ फुटला. कोणी पापडाच्या लाट्या करत होतं, कोणी मामाच्या दुकानात वजनं करत होतं. पोरं एकमेकांकडे नव्याने बघायला लागली. फक्त खिडकीजवळच्या एका मुलीचा कागद नावाच्या ओळीपुढे सरकला नव्हता. रत्नप्रभा घाडी. घट्ट दोन वेण्या, आणि आवाज असा की हजेरीलासुद्धा ऐकू येऊ नये.

वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली.

“मिस, दुसऱ्याचा लिहिला तर चालेल?”

“कोणाचा?”

“बाबांचा. ते गिरणीत साच्यावर, मागावर होते. विणाईत.” वेणीचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, “त्यांना ऐकू येत नाही. बोलतापण येत नाही. जन्मापासून.”

असा अर्ज टेबलावर आला असता तर साहेबांनी तो पुरता वाचलाही नसता, हे क्लॅरिसला पक्कं ठाऊक होतं. पण पोरीच्या डोळ्यांत बघून तिला एवढंच म्हणता आलं, “रविवारी चर्चमधल्या मासनंतर येते घरी.”

रविवारी ती गेली. पाइपलाइनच्या बाजूच्या चाळीत एक खोली. रत्नप्रभाची आई, राधा, दारातच म्हणाली, “येवा, बसा.” आणि चहा ठेवायला वळली. कुंडलिक घाडी खाटेवरून उठले. सडपातळ माणूस, कपाळावर आठ्या, स्वच्छ बनियन. त्यांनी हात जोडले आणि मग ते हात हलायला लागले.

रत्नप्रभा वडिलांच्या बाजूला, थोडी पुढे उभी राहिली. आणि क्लॅरिसला पहिल्यांदा समजेचना, बोलतंय कोण. कारण शाळेत जिचा आवाज निघत नव्हता ती मुलगी खणखणीत, भरड सुरात म्हणत होती, “मी मालवणचा. बारीक असताना मामाने मुंबईला आणला. मामा म्हणाला, ह्याला गिरणीत टाकू, तिथे सगळे बहिरेच.”

“‘मी’ म्हणजे?” क्लॅरिसने गोंधळून विचारलं.

“बाबा,” रत्नप्रभा स्वतःच्या बारीक आवाजात म्हणाली, आणि पुन्हा वडिलांकडे वळली.

क्लॅरिसने पर्समधून पॅड काढलं. हात पुढे पुढे जात होते, पोरगी त्यांच्यामागून बोलत होती, आणि क्लॅरिसची पेन्सिल दोघांच्या मागे शॉर्टहँडमध्ये धावत होती. साचेखात्यात शेकडो माग एकदम चालतात. शेजारचा माणूस कानात ओरडला तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथे सगळेच हातांनी बोलतात. धागा तुटला, बॉबिन संपलं, मुकादम येतोय, आज डब्यात काय, पोरीचं लग्न ठरलं, सगळं हातांनी. बाहेरच्या जगात मुका असलेला कुंडलिक त्या खात्यात सगळ्यांत बोलका होता.

“नवीन पोरगा लागला की मुकादम त्याला माझ्याकडे द्यायचा,” रत्नप्रभा म्हणत होती, आणि कुंडलिकांचे डोळे चमकत होते. “साचा कोणीपण शिकवेल. बोलायला शिकवायचं माझ्याकडे. सातारचे, कोल्हापूरचे, आझमगडचे, सगळे माझ्याकडे बोलायला शिकले. एक तर इतका बडबड्या झाला की त्याला गप्प बसवायला मला डोळे मिटून घ्यावे लागायचे.”

राधाबाई चुलीपाशी हसल्या. क्लॅरिसची पेन्सिल थांबली. इतकी वर्षं तिच्या हाताखालून माणसांचे गठ्ठे गेले होते. त्यांतल्या किती जणांना असं एक अख्खं जग येत असेल आणि कागदावर त्याला रकानाच नसेल, असं तिच्या मनात आलं.

कुंडलिक वाकून तिच्या पॅडकडे बघत होते. त्या आकड्या, ती टिंबं, त्या तिरक्या रेघा. त्यांनी बोट ठेवून विचारलं, हे काय?

“बोलण्याच्या खुणा,” क्लॅरिस म्हणाली. “हे तुमचं नाव.”

त्यांनी ती रेघ बोटाने गिरवली. मग तिच्या हातातली पेन्सिल मागून घेतली, कोपऱ्यात तशीच रेघ काढली आणि लेकीकडे बघून इतके हसले की राधाबाई चहा ठेवून बघायला आल्या.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी आली, क्लॅरिसच्या घरी, टाइपरायटरसमोर. ऐकू येत नाही, हे कुठे लिहायचं?

“लिवच नको,” राधाबाईंनी निरोप पाठवला होता. रत्नप्रभाचंही तेच म्हणणं होतं, निदान खाली, शेवटी टाकावं. क्लॅरिस म्हणाली, “ज्याचा बायोडेटा, त्याला विचार.”

पोरगी घरी जाऊन उत्तर घेऊन आली, तेही वडिलांच्याच सुरात. “सगळ्यात वर. ज्याला नको तो तिथेच थांबेल. माझा चपला घालून जायचा त्रास वाचेल.”

तसंच टाइप झालं. भाषांच्या रकान्यात मराठी, हिंदीच्या जागी ‘हातांची भाषा’ आली. अनुभवात लिहिलं, साच्यावरचं काम, आणि त्याखाली, ‘गोंगाटात काम करणाऱ्या नवीन कामगारांना खुणांनी बोलायला शिकवणे.’ इंग्रजीत ते वाक्य कसं बसवावं म्हणून क्लॅरिसने दोनतीन कागद वाया घालवले.

अर्ज बरेच गेले. उत्तरं फारशी आली नाहीत. तिच्या जुन्या कारखान्यातूनही आलं ते खेदाचंच. क्लॅरिस तो कागद पुन्हा पुन्हा उलटून बघत होती, तेव्हा रत्नप्रभाच म्हणाली, “असू दे मिस. टायपिंग छान आहे.”

पावसाळा सरता सरता बोलावणं आलं. एका औद्योगिक वसाहतीतला गाळा होता, जयवंतशेठ नावाच्या माणसाचा. डब्यांची झाकणं बनायची. पॉवर प्रेसची ओळ, आणि आवाज असा की गाळ्यात शिरताना दात करकरावेत. थोड्या दिवसांपूर्वी तिथे एकाचं बोट गेलं होतं. मागच्याने ‘थांब’ म्हणून ओरडलेलं पुढच्याला ऐकू गेलं नव्हतं.

“मी हे वाचलं,” जयवंतशेठ अर्जावर बोट आपटून म्हणाले, “आणि म्हटलं, च्यायला, हेच तर पाहिजे आपल्याला.”

मुलाखतीला दुभाषी म्हणून रत्नप्रभा गेली होती. काम पक्कं झालं तरी ती उठेना. वडिलांचा भरड आवाज काढून तिने विचारलं, “आणि शिकवायचे वेगळे पैसे?” हा प्रश्न कुंडलिकांचा नव्हताच, त्यांचे हात मांडीवरच होते. शेठ हसत सुटले, पण कबूल झाले.

दिवाळीनंतर एकदा रत्नप्रभा आणि क्लॅरिस त्या गाळ्यावर गेल्या. कुंडलिक डबा विसरले होते. दारातच दोघी थांबल्या. आत कानठळ्या बसवणारा दणका चालू होता आणि त्या दणक्यात सगळा गाळा बोलत होता. या टोकाचा माणूस त्या टोकाच्याला काहीतरी सांगत होता, मधला त्यात आपली भर घालत होता, तिसरा हसून मान हलवत होता. बोलणाऱ्याचा हात वर गेला की आधी त्याचा पाय मशीन चालवायच्या पट्टीवरून उचलला जात होता, ही कुंडलिकांची सक्त शिस्त. ते मधोमध उभे होते, दोन्ही हात उडत होते, आणि सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर. कोणाला दुभाषी लागत नव्हता.

क्लॅरिसने नकळत क्रॉसची खूण केली. चर्चमध्ये, शांततेत जे तिला क्वचित वाटायचं, ते इथे पत्र्याच्या दणदणाटात छातीत दाटून आलं.

एकाने रत्नप्रभाला पाहिलं. त्याने खांद्यावर पदर घेतल्यासारखं केलं आणि तर्जनी नाचवली. बघता बघता ओळीतल्या सगळ्यांनी तेच केलं आणि हसले.

“ही खूण मला माहीत नाही,” रत्नप्रभा क्लॅरिसच्या कानाशी ओरडली. जन्मापासून तिला वडिलांच्या हातातलं सगळं कळत होतं. आज पहिल्यांदाच तिच्यापर्यंत न पोचलेलं असं काही त्यांच्याकडे होतं. “बाबा! काय म्हणतायत हे?”

कुंडलिकांनी डबा घेतला, घामेजलेलं कपाळ पुसलं आणि हातांनी सांगितलं. पोरगी लाजून लालबुंद झाली.

“काय गो?” क्लॅरिसने विचारलं.

“जादा पैसे मागणारी शेठाणी आली म्हणतायत,” रत्नप्रभा म्हणाली, स्वतःच्या आवाजात, आणि तो आवाज त्या गोंगाटातसुद्धा क्लॅरिसला स्पष्ट ऐकू आला.