गुणाजीचा डावा पाय

माणूस एकाएकी बूट घालायला लागला की मला संशय येतो. शहाऐंशीच्या पावसाळ्यात गुणाजी शिगवण बूट घालायला लागला. गिरणीत होता तेव्हा रबरी सपाता, संपात गिरणी गेल्यावर साकीनाक्याच्या कारखान्यात लेथ मशीनवर लागला तिथेही सपाता, सख्ख्या मेहुण्याच्या लग्नातही सपाता. असा माणूस दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी काळे चामडी बूट चढवून चाळीतून बाहेर पडायचा. विचारलं तर म्हणायचा, जरा जाऊन येतो. कुठे, ते सांगायचा नाही.

मी राजाराम. चकाल्याला आमच्या चाळीत जाखडी नाचाचं मंडळ आहे, त्याचा मी बुवा, म्हणजे मधे बसून गाणारा. माझ्याभोवती आमच्या गावचे गडी गोल धरून नाचतात, अनवाणी, उजव्या पायात घुंगरू बांधून. पहिल्या ठोक्याला सगळ्यांचा उजवा पाय एकदम आपटला पाहिजे. तो चुकला तर मी कितीही गळा ताणला तरी फुकट. या गोलात पुढचा गडी गुणाजी. त्याचं लग्न झालं त्या वर्षापासून ती जागा त्याची, आता वीस वर्षं होत आली. एरवी हा माणूस तोंडाला कुलूप लावल्यासारखा. कोणाचा स्टोव्ह बिघडला तर येईल, दुरुस्त करील, चहासुद्धा न पिता जाईल. मयताला बांबू आणायला सगळ्यांच्या आधी हाच. पण हसताना बघायचा असेल तर त्याला गोलातच बघावं लागायचं.

गणपतीत आमचा सामना तुरेवाल्यांशी असतो. जाखडीचे हे दोन पक्ष, आम्ही शक्तीवाले. ते गाण्यातून सवाल टाकतात, आम्ही जबाब देतो, आणि जो हरतो त्याला वर्षभर गाववाल्यांत मान वर करता येत नाही. तुरेवाल्यांचा बुवा कुंडलिक, राहायला मरोळला. हा माणूस मला कधीच आवडला नाही आणि ते मी लपवतही नाही.

तर तालमी सुरू झाल्या आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. गुणाजीचा डावा पाय आधी निघत होता. उजवा पडायचा, पण मागाहून, आणि आपटायच्या ऐवजी जमिनीवरून घासत जायचा. घुंगरू नुसते कुजबुजायचे. शिवाय ओठांतल्या ओठांत तो काहीतरी मोजायचा. मी कान देऊन ऐकलं. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. आमच्या नाचात चार असतात हो, तीनवर कोण थांबतं? त्याच्यामागचा नंदू दोनदा त्याच्या अंगावर धडकला. गोल मोडला. मी गाणं थांबवून विचारलं तर गुणाजी खाली बघत म्हणाला, चुकलं.

वीस वर्षांत न चुकलेला माणूस असा चुकत नसतो. मला सगळं स्पष्ट दिसलं. कुंडलिकाने त्याला फितवलं होतं. पुढचाच गडी फोडायचा, त्याचा पाय बिघडवायचा, म्हणजे सामन्यात आमचा गोल आपोआप कोसळेल. ते बूटही कुंडलिकानेच दिले असणार. मी दोन दिवस नीट जेवलो नाही. तुरेवाल्यांकडून हरण्याचं दुःख वेगळं, आणि गुणाजीने आपल्याला विकलं हे दुःख वेगळं. दुसरं मला सोसणारं नव्हतं.

त्याच आठवड्यात त्याची बायको माझ्याकडे आली. सुगंधावहिनी सीप्झजवळ एका कारखान्यात पॅकिंगला जायची. सरळ बाई, उगाच कोणाच्या दारात उभी न राहणारी. तिने पदराखालून गुणाजीची पँट काढली आणि खालची दुमड उलटून दाखवली. आत पांढरी भुकटी होती, अगदी मऊ. तोंडाला लावायची पावडर, असं तिचं म्हणणं. पावडर लावणारी बाई कुठेतरी आहे, आणि ती पायाशी बसण्याइतकी जवळ आहे. हे सांगताना तिचा आवाज हलला नाही, पण पँटची घडी तिला नीट घालता येईना.

मी तिला धीर दिला. म्हटलं, बाई वगैरे काही नाही वहिनी, त्याहून वाईट आहे, तो तुरेवाल्यांना मिळालाय. मग तिने विचारलं, तुरेवाले पावडर लावतात काय? मी म्हटलं, लावतात, सामन्याच्या दिवशी तोंडाला थापतात, मी डोळ्यांनी बघितलंय. तिला काही ते पटलं नाही. शेवटी शुक्रवारी दोघांनी त्याच्या मागे जायचं ठरलं. ती तिचा संशय घेऊन निघाली, मी माझा.

निघताना मी पिशवीत गुणाजीचे घुंगरू टाकले. मंडळाचे घुंगरू माझ्याच पेटीत असतात. ठरवलंच होतं, कुंडलिकाच्या दारात पकडायचा, तिथेच घुंगरू दाखवून सांगायचं की उद्यापासून हे नंदूच्या पायात. मग त्याने आमच्या गोलाकडे फिरकायचं नाही.

गुणाजी पुढे, आम्ही बरंच अंतर ठेवून मागे. चिखल चुकवत, बूट जपत चालला होता. मरोळच्या रस्त्याला लागला तेव्हा मी वहिनीकडे बघून मान हलवली. कुंडलिकाची खोली रस्त्यालाच आहे. तो स्वतः बाहेर बाकड्यावर बनियनवर बसला होता. गुणाजी त्याच्यासमोरून गेला. दोघांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. खोटं कशाला बोलू, मला थोडं वाईटच वाटलं. आता वहिनीचाच संशय उरला, आणि तिचं तोंड बघवेना.

पुढे गावठाण लागलं, ख्रिस्ती लोकांची कौलारू घरं, नाक्यावर क्रूस. गुणाजी एका बैठ्या हॉलमध्ये शिरला. आतून टेपवर इंग्रजी वाजंत्री ऐकू येत होती. आम्ही खिडकीशी गेलो. वहिनीने गज धरले.

आत चारपाच जोडपी एकमेकांना धरून फिरत होती. बाईचा हात बाप्याच्या खांद्यावर, बाप्याचा तिच्या पाठीवर. एक म्हातारी बाई, झगा घातलेली, कॅरमला लागते ती बोरिक पावडर डब्यातून फरशीवर शिंपडत होती, बूट सरकावेत म्हणून. आणि कोपऱ्यात गुणाजी. त्याच्या मिठीत एक लाकडी खुर्ची होती. खुर्चीची पाठ छातीशी धरून, मान ताठ ठेवून, तो डावा पाय पुढे टाकत होता, उजवा घासत बाजूला नेत होता, आणि ओठांनी मोजत होता. एक-दोन-तीन.

माझ्या तोंडून हसू फुटणार होतं. वहिनीकडे बघितलं आणि ते तिथेच राहिलं.

म्हातारीने आम्हाला बघितलं. तिचं नाव सेलेस्तीन, सगळे टीचर म्हणत. मरोळचीच जुनी, मराठी आपल्यासारखीच बोलायची. तिने दार उघडून वहिनीला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, मिसेस का? मग तिने आम्हालाच झापलं. इथे जोडीनेच शिकतात, हा माणूस पहिल्या दिवसापासून सांगतोय, बायको पुढच्या खेपेला येईल, पुढच्या खेपेला येईल, माझी खुर्ची खिळखिळी झाली.

गुणाजी खुर्ची खाली ठेवून उभा राहिला. इतका भ्यालेला मी त्याला कधी बघितला नव्हता.

"ह्ये काय चाललंय?" वहिनीने विचारलं.

"कारखान्यातल्या पास्कूच्या लग्नाला गेलतो ना आपण, इथंच," तो म्हणाला. "म्हातारा-म्हातारी नाचत होती, आठवतंय? तू बघत बसलीस. आईस्क्रीम सगळं पातळ झालं हातात."

"मग?"

"मग काय. वीस वर्षं मी नाचतो, आणि तू भायेर बसून समद्यांच्या चपला सांभाळतेस. आपल्या नाचात बाईला जागाच नाय. ह्यो नाच बाईबिगर होतच नाय म्हनतात."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"आदी मला येऊ दे म्हटलं. तुझ्या पायावर पाय पडला असता."

एवढं बोलणं मी त्याच्या तोंडून आयुष्यात ऐकलं नव्हतं. मला आनंद झाला. आणि लगेच रागही आला, कारण या नाचापायी माझ्या गोलाची वाट लागली होती आणि आता त्याला बोलायची सोय राहिली नव्हती.

वहिनी सवयीने वाकली, चपला काढल्या, कुठे ठेवाव्यात म्हणून इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या हातात दिल्या. पदर खोचून आत गेली. गुणाजीने तिचा हात आपल्या खांद्यावर ठेवला, तोही टीचरने तीनदा सांगितल्यावर.

टेप वाजली. गुणाजीचा डावा पाय निघाला आणि वहिनीचा उजवा पाय फरशीवर आपटला. असा आपटला की बाकीची जोडपी थांबली. टीचर ओरडली, आपटायचा नाही, सरकवायचा. पुन्हा सुरू केलं, पुन्हा पहिल्या ठोक्याला तोच उजवा पाय. मी डोळे बारीक करून बघत होतो. तो पाय माझ्या ओळखीचा होता. ठोका पुरा, टाच आधी, गुडघा सैल. चपलांशी बसून हिने आमचा सगळा नाच कधी उचलला, आम्हाला पत्ता नव्हता. नंदूचा पायसुद्धा तसा पडत नाही. माझ्या पिशवीतले घुंगरू एकदम जड वाटायला लागले.

गाणं संपलं तेव्हा दोघं घामाघूम. गुणाजी हसत होता, गोलात हसायचा तसा. वहिनी दाराशी आली. अंधार पडत होता, तालमीची वेळ टळून गेली होती, चाळीत सगळे माझी वाट बघत असणार. मी चपला पुढे केल्या.

तिने त्या घेतल्या नाहीत. पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाली, "धरा जरा भावोजी, अजून एक गाणं हाय."