ओकिनावाचा सिंह आणि विहिणीचा मान

मुलींनो, हे आत्ताच लिहायला घेतलं, कारण गेल्या शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीने मला विचारलं, "दुबईआजी, त्या जपानच्या बोटीवर तू पण होतीस?" विचारलं अर्थात इंग्रजीत. मी "हो बाळा" म्हटलं आणि कॉल संपल्यावर इथे दुबईत, अल बर्शातल्या माझ्या स्वयंपाकघरात स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसत बसले.

मी होते. फोटोंत नाही, कारण फोटो मीच काढत होते. प्रत्येक फोटोत तुम्ही आहात आणि शेजारी तुमच्या बाबांची आई आहे, जी टोरांटोत तुमच्याच घरी राहते. तुमच्यासाठी त्या नुसत्या 'आजी'. मला मात्र गावाचं नाव लावावं लागतं.

मी मुलीची आई, त्या मुलाच्या. आपल्याकडे मान मुलाच्या आईचा. तुमच्या आईच्या लग्नात मी त्यांचे पाय धुतले, आणि तेव्हापासून दार आलं, खुर्ची आली, की "आधी तुम्ही" हे माझ्या तोंडून आपोआप निघतं. इंग्रजी शाळेत शिकले, इथे इतकी वर्षं ऑफिस सांभाळलं, तरी ते सुटलेलं नाही. त्या तुमच्या रोज वेण्या घालतात, मला तुम्ही वर्षातून एकदा दिसता, तरीही "आधी तुम्ही" म्हणायचं ते मीच.

आपल्या सहलीची बोट ओकिनावाला लागली त्या सकाळी बसमध्ये धाकटीशेजारी एकच जागा होती. मी म्हटलं, "बसा ना विहीणबाई." त्या बसल्या! मी मागे, सगळ्यांच्या छत्र्या सांभाळत. तिथल्या किल्ल्याच्या पायऱ्यांवर धाकटीने हात पुढे केला, तर मी बाजूला होऊन त्यांना वाट दिली आणि दोघींचा फोटो काढला. फार छान आला, तुमच्या हॉलमध्ये लावलाय तो.

बोटीवरचं खाणं किनाऱ्यावर नेऊ नये अशी घोषणा झाली होती, म्हणून शारजातल्या रोल्ला बाजारातून खजूर आणून घरी केलेले लाडू मी केबिनमध्येच ठेवले. दुपारी धाकटी भुकेने कुरकुरायला लागली, तर विहीणबाईंच्या पर्समधून गूळपोळी निघाली.

"अहो, नेऊ नका म्हणाले होते ना?"

"बोटीवरचं. ही तर टोरांटोची आहे."

माझे लाडूही बोटीवरचे नव्हते. पण हे मला सुचलं नाही, आणि धाकटी त्यांच्या मांडीवर बसून पोळी खात होती.

मग आपण कुंभाराच्या दुकानात गेलो. तिथे घरांवर मातीच्या सिंहांची जोडी बसवतात, एकाचं तोंड उघडं, एकाचं मिटलेलं. धाकटीने जोडी रंगवली आणि जाहीर केलं, "उघड्या तोंडाचा आजी, कारण ती सारखी बोलते. मिटलेला दुबईआजी."

"बघा, नात किती ओळखून आहे!" विहीणबाई खदखदून हसल्या. मीही हसले. आतून जळत होते.

तेवढ्यात तिने मिटल्या तोंडाचा सिंह माझ्यापुढे धरला. दिवसभरात पहिल्यांदाच काहीतरी आधी माझ्याकडे आलं होतं, आणि मी काय म्हणावं?

"आधी आजीला दे हं."

"अगं, तुझ्या दुबईआजीचा आहे ना तो?" विहीणबाई तिला म्हणाल्या.

"नाही नाही, मान त्यांचा."

धाकटी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे वळली. मग ती रडायला लागली. "नोबडी वॉन्ट्स इट," असं म्हणून तिने सिंह टेबलावर आपटला. त्याचा कान तुटला.

"अहो, खड्ड्यात गेला तो मान!" विहीणबाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की दुकानातली बाई दचकली. "घ्या तो पटकन! पोर रडतेय."

मी घेतला. तिलाही घेतलं. परतताना बसमध्ये धाकटीशेजारी मी बसले, कुणालाही न विचारता, आणि ती माझ्या खांद्यावर झोपून गेली. "थांबा, तुमचा फोटो काढते," म्हणत विहीणबाईंनी माझा फोन घेतला. त्या फोटोत फक्त त्यांचा अंगठा आहे.

उघड्या तोंडाचा सिंह त्यांच्या खिडकीत असतो, तुम्हाला शाळेत जाताना रोज दिसतो. याचा मला अजूनही हेवा वाटतो.

मिटल्या तोंडाचा, एका कानाचा, माझ्याकडे आहे. टीव्हीच्या शेजारी.