तिच्या बाजूचं दार

डेंटरबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. आमची दुकानं एकाच अंगणात होती. त्याचं गाड्यांच्या पत्रेकामाचं, माझं सीट शिवायचं, मधे एक भिंत. उभा जन्म शेजारी काढला, पण त्याचं गाव कुठलं, त्याला भावंडं किती, मला सांगता येणार नाही. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. दोघेही कमी बोलणारे. त्याच्या वाटणीचं वहिनी बोलायच्या, आणि माझ्याही वाटणीचं त्याच बोलून टाकायच्या. माझ्यापाशी आहे तो एका हिवाळ्याचा तुकडा. तेवढाच लिहितो. नीट जमेल असं वाटत नाही.

त्यांचं घर दुकानाच्या वरच. त्या वर्षी वहिनींना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली, पण जिभेची धार तेवढी शाबूत राहिली. त्यांची खुर्ची खिडकीशी असायची. खाली अंगणाच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली, त्यांची जुनी गाडी उभी होती. गोल मडगार्डांची, टपोऱ्या दिव्यांची. लग्न झाल्यावर डेंटरनं ती भंगारातून उचलून स्वतः उभी केली होती आणि दोघं पहिल्यांदा तिच्यातून नदीच्या पुलावर गेले होते. आता इंजिन कुरकुरत का होईना चालू व्हायचं, पण पत्र्याची गंजून चाळण झाली होती.

दवाखान्यातून घरी आल्यावर वहिनी म्हणाल्या, "एकदा पुलावर नेऊन आणा मला. आपल्या गाडीतून. भाड्याच्या गाडीत मी पाय ठेवणार नाही."

डॉक्टरांनी डेंटरला बाजूला घेऊन सांगितलं होतं की दुसरा झटका कधीही येईल आणि तो सोपा नसेल. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे नाही, भिंतीवर लटकवलेल्या कापडाच्या गुंडाळ्यांकडे बघत होता.

त्या गाडीचे पत्रे कुठेच मिळत नव्हते. पूर्वी त्यानं ते ठोकून घडवले असते. पण आता उजवा खांदा धरला होता, हातोडा कानाच्या वर जात नव्हता. राहिलं फायबर. आयुष्यभर ज्याला नावं ठेवली तेच.

"हे काय काम आहे?" तो मला म्हणाला. "कापड भिजवायचं आणि चिकटवायचं. तुमच्या धंद्यातलं हे, गादीवाले. तुमची मोठी कात्री द्या जरा."

"काच कापणार माझ्या कात्रीनं?"

"काचेची चटई असते हो, मऊ. धार लावून परत देतो."

कामाची रीत अशी. जुना भाग गुळगुळीत करायचा, चिकटू नये म्हणून त्याला मेण चोळायचं, वर रेझिनमध्ये, म्हणजे पातळ चिकट रसायनात, भिजवलेली चटई थरावर थर बसवायची. वाळली की साचा सुटून येतो. मग त्या साच्यात नवा भाग घडवायचा. पण थंडीत रेझिन वाळेना. डेंटर रोज सकाळी बोटानं चाचपून बघायचा आणि बोट चिकट निघायचं. वरून आवाज यायचा, "अहो, वाळलं का? का मीच आधी वाळते?"

एकदा घाईत त्यानं रेझिन लवकर वाळवणारा हार्डनर जास्त घातला. रेझिनचा डबा हातात धरवेना इतका तापला, धुमसला, आणि बॉनेट तडकलं. वहिनी खिडकीतून मला म्हणाल्या, "भावजी, ही कागदाची गाडी पुलावरच्या वाऱ्यानं उडणार बघा. मला धरून बसावं लागेल तिला." मी हसलो. डेंटर हसला नाही.

तरी मडगार्डं झाली, दुसरं बॉनेट झालं, सीट मी शिवायला घेतली. मग त्यानं तिच्या बाजूचं दार घेतलं. मेण चोळलं, चकचकीत केलं. आणि चटई लावण्याआधी थिनरचा बोळा घेऊन सगळं दार पुसून काढलं. पत्रेवाल्याचा हात तो. रंगाआधी पत्र्यावर तेलाचा ठिपका राहू द्यायचा नाही, हे हातात मुरलेलं. मेण गेलं ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

साचा सुटेना. पाचर घातली, गरम पाणी ओतलं, शेवटी छिन्नी घेतली. गंजकं दार साच्याला धरून पट्ट्यापट्ट्यांनी फाटून आलं. साचाही गेला, दारही गेलं. तो जमिनीवर बसला, बोळा अजून हातातच.

"दुसऱ्या बाजूचं आहे ना?" मी विचारलं.

"ते उलटं, गादीवाले. डाव्या पायातला बूट उजव्यात जाईल का?"

आता साच्यासाठी ते दार लाकूड आणि प्लास्टर घेऊन आठवणीतून घडवायचं होतं. वरून वहिनी म्हणाल्या, "नाही तर नाही दार. दोरी बांधा. मी काय उडी मारणार आहे?"

"पडशील."

"तुम्ही धरा."

"चालवू का धरू?" तो एवढ्या जोरात ओरडला की मी शिलाई मशीन थांबवलं.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा सूचना द्यायला लागल्या. "मी कोपर टेकायचे तिथं खोलगट होतं. अजून घासा. तिथं नाही हो, पुढे." तो घासत राहिला. प्लास्टर ओलं असतानाच दुसरा झटका आला. बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा.

दुपारी तो माझ्याकडे आला. "सीट झाली?"

"कापड चढवायचं राहिलंय."

"राहू दे. नुसता फोम द्या."

आम्ही दोघांनी वहिनींना खुर्चीसकट खाली आणलं, गाडीत बसवलं आणि सीटच्या पट्ट्यानं कमरेला बांधलं. दाराच्या जागी दोरी लावली. "तुम्ही त्या बाजूनं चाला," डेंटर म्हणाला. "मी हळू घेतो."

मी चाललो. एक हात दोरीवर, एक वहिनींच्या खांद्यावर. त्यांचा चांगला हात पलीकडे, त्याची बाही घट्ट धरून. माझ्याकडे सगळी मेलेली बाजू. गल्लीच्या तोंडाशी रस्ता वळतो आणि पुलाकडे उतरतो. तिथं गाडी कलली आणि वहिनी सगळ्या वजनानं बाहेर, माझ्या अंगावर आल्या. दोरी त्यांच्या छातीत रुतली. त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. डेंटरनं ब्रेक दाबला.

पुलाचे खांब तिथून दिसत होते.

"अजून थोडं धराल?" त्यानं विचारलं.

"धरतो," मी म्हणालो. पण वहिनींच्या वजनानं माझे पाय मागे सरकत होते आणि ते त्याला दिसलं. त्यानं खांबांकडे पाहिलं, मग मान मागे वळवली आणि सगळी गल्ली गाडी उलटी नेली. वहिनींना पूल दिसला का, हे त्यानं मला कधी विचारलं नाही. त्यांचं तोंड माझ्या शर्टात होतं.

त्या आठवड्यात वहिनी गेल्या. डेंटरनं दार मात्र पुरं केलं, बसवलं. फट कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. तो ते उघडायचा, लावायचा, पुन्हा उघडायचा. आवाज पत्र्याचा येत नव्हता. मग परगावी दिलेली त्यांची मुलगी येऊन त्याला आपल्या गावी घेऊन गेली, आणि उन्हाळ्यात तिचा फोन आला, बाबा गेले म्हणून.

मुलीकडे निघायच्या दिवशी तो माझ्या दुकानात आला होता. हातात कात्री.

"ही घ्या. धार लावायची राहूनच गेली."

"असू दे. मी लावून घेईन."

"काचेनं खाल्लीय तिला. जाड कापड नाही कापणार आता."

"पातळ कापीन."

"बरं," तो म्हणाला. "येतो मग."

"या," मी म्हणालो.